टायरमागचा धोंडा

पिरंगुटच्या घाटात मोटार बंद पडली तर काय करायचं, ते त्या काळी गोजराबाईला विचारावं. विचारावं कशाला, न विचारताच ती सांगायची, आणि शिव्या हासडून सांगायची. मी त्या रस्त्याच्या टोळीचा मुकादम. नथू माझं नाव, पिरंगुटजवळचं भरे माझं गाव. नावाला मी तिचा साहेब, पण बंद पडलेली गाडी दिसली की साहेबाचं कोण ऐकतंय! ती फावडं खांद्यावर टाकून तरातरा निघायची आणि मी तिच्या मागोमाग, ते फावडं कुणाच्या डोक्यात बसू नये म्हणून.

तिचा कायदा ठरलेला होता. गाडी थांबली की सगळ्यात आधी मागच्या टायरला धोंडा. मग गाडीच्या पुढं-मागं वीस-वीस पावलांवर रस्त्यात हिरवी डहाळी टाकायची, म्हणजे वळणावरून येणाऱ्याला लांबूनच कळावं. मग गाडीचं हँडल काढून तिच्या हातात द्यायचं. तेव्हाचे ट्रक काय आणि मोटारी काय, पुढून हँडल फिरवल्याशिवाय निम्म्या सुरूच व्हायच्या नाहीत. दुरुस्ती झाली की ती हँडल देणार, इंजिन सुरू झालं की परत काढून घेणार. ड्रायव्हरनं गाडी वर खिंडीतल्या सपाटीला नेऊन उभी करायची, तिथनं चालत खाली यायचं, लावलेला धोंडा आपल्या हातानं उचलून गटारापलीकडं टाकायचा, डहाळ्या उचलायच्या. मग हँडल मिळणार. आणि हँडलबरोबर एक शिवी, पुढच्या खेपेसाठी.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? अहो, एवढंच तर कुणी करत नाही! गाडी बंद पडली की धोंडा आणायला चौघं धावतात. गाडी सुरू झाली की तो धोंडा जणू पांडवांनी आणून ठेवलाय, त्याला हात लावायचा नाही. गाडीवाला धूर सोडत पसार. मागून येणारा मरेना का!

अलाउद्दीन म्हणून पौडाचा एक ड्रायव्हर होता, कोळशाच्या ट्रकवर. माणूस भला, पण घाईचा. एकदा म्हणाला, "मावशी, धोंडा तेवढा तुमीच ढकला, मला उशीर झालाय." गोजराबाईनं सरळ हँडल दरीत भिरकावलं. दोन तास तो करवंदीच्या जाळ्यांतून अंग ओरबाडून घेत हँडल शोधत होता, आणि ही वर कमरेवर हात ठेवून सांगत होती, "तितं न्हाई, आनखी खाली." त्यानंतर अलाउद्दीन तिला लांबून बघितलं तरी हँडल खिडकीबाहेर काढून दाखवायचा.

गावात म्हणायचे, नवरा पडला तेव्हापासनं बाईचं डोकं फिरलंय. मीही तेच म्हणायचो. आमच्या अकलेची धाव तेवढीच.

तिचा नवरा कुशाबा. आधी त्या रस्त्याचा मैलकुली तोच होता. मैलकुली म्हणजे ठरलेले मैल सांभाळणारा माणूस. खड्ड्यात मुरूम टाकायचा, गटारं मोकळी करायची, रस्त्यात पडलेलं बाजूला सारायचं. कुशाबाकडे तीन मैल होते, पिरंगुटच्या अंगाचा सगळा चढ आणि खिंड. त्याचं घर घाटातल्या मोठ्या वळणावरच होतं, रस्त्यापासून पंधरा पावलांवर. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे ओढ्याची दरी. माणूस अबोल, पण चालायला लागला की सोबतच्याला धाप लागायची. सकाळी निघाला की तिन्ही मैल तपासून न्याहरीला घरी. त्याच्या मैलांत मला एक खोट सापडेल तर शपथ.

चौपन्न सालच्या माघात त्याला भूगावला सोयऱ्याकडे जायचं होतं, म्हणून मी त्याला माझी सायकल दिली. सायकलीचा ब्रेक चांगला होता. हे मी आत्ताच बजावून सांगतो, का ते पुढं कळेलच. दिवेलागणीच्या आत तो परत येत होता. खिंडीतून उतार लागला, सायकल वेगात, आणि घराजवळच्या वळणावर तो उडाला तो मोरीच्या दगडावर आपटला. मांडीचं हाड दोन जागी मोडलं. बैलगाडीत घालून आम्ही त्याला पुण्याला नेलं. तीन महिन्यांनी घरी आला तेव्हा एक पाय चार बोटं आखूड झाला होता. काठीशिवाय दारापर्यंतसुद्धा येववत नव्हतं.

मी विचारलं, "गोजराबाई, झालं कसं?"

ती म्हणाली, "सायकल घसरली."

कुशाबाला विचारलं. तो थोडा वेळ बायकोकडे बघत राहिला आणि म्हणाला, "व्हय. घसरली."

झालं! गावाला काय, तेवढंच हवं होतं. मुकादमाच्या सायकलीला ब्रेक नव्हता, मुकादमानं माणसाला लंगडं केलं. आठ वर्षं मी हे ऐकलं. लग्नाच्या पंगतीत ऐकलं, मयताला ऐकलं. माझ्या सख्ख्या बहिणीनं ऐकवलं. ती सायकल मी विकली, तर घेणाऱ्यानं आधी ब्रेकच दाबून बघितला! कुशाबाच्या जागी गोजराबाईला कामावर घ्यावं म्हणून मी वरच्या साहेबांच्या पायऱ्या झिजवल्या, तर लोक म्हणाले, केलंय तसं निस्तरतोय.

खरं काय घडलं होतं ते मला आठ वर्षांनी कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगतो. कोडी घालत बसायचा माझा स्वभाव नाही.

त्या दिवशी दुपार कलल्यावर एक काळी मोटार चढावर आली. डावा मडगार्ड तांबडा, दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा काढून बसवलेला. आत एकटाच माणूस, हैबतराव नावाचा, साताऱ्याकडचा. मुळशीकडचा जंगलाचा ठेका बघून पुण्याला परत चाललेला. अर्थात हे नावगाव गोजराबाईला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिला दिसली गाडी, तिच्या तोंडातून निघणारी वाफ आणि खिडकीतून ओरडणारा माणूस. गाडीला हातब्रेक नव्हता, म्हणजे होता पण धरत नव्हता. पायाखालचा ब्रेक सोडला की गाडी मागं, दरीकडे. त्यामुळे त्याला उतरता येईना. "वैनी, धोंडा द्या!" म्हणून त्याचा टाहो.

दारात जात्याची खालची तळी पडली होती, फुटून अर्धी झालेली. पाय धुवायला गोजराबाईनं ती तिथं टाकली होती. एक बाजू सरळ तुटलेली, त्यामुळे टायरखाली अशी बसली की हलायचं नाव नाही. तो उतरला, तिनंच त्याला दोन घागरी पाणी दिलं, ते त्यानं गाडीला पाजलं. म्हैस धारेसाठी ओरडत होती, म्हणून ती घराकडे वळली आणि जाता जाता म्हणाली, "दादा, जाताना धोंडा तेवढा बाजूला करा." तो म्हणाला, "व्हय व्हय." धार काढता काढता तिला गाडी गेल्याचा आवाज आला. उठून बघावं हे तिच्या मनात आलं नाही. मग वासराला सोडलं, मग चूल पेटवली. मैलकुल्याची बायको ती, रस्त्यावरचा खडा न खडा नवरा उचलतो हे रोज बघणारी, आणि विसरली.

मग तो आवाज झाला. ती धावत रस्त्यावर आली. वळणावर अर्धं जातं तसंच पडलेलं, आणि पलीकडे मोरीपाशी कुशाबा. आणि तिनं काय केलं असेल? तिनं आधी तो धोंडा उचलला, करवंदीच्या जाळीत ढकलला, वर पाला ओढला. मग नवऱ्याकडे धावली.

आपल्या दारातला धोंडा, आपल्या हातानं दिलेला. हे नवऱ्याला कळलं तर तो आपलं तोंड बघणार नाही, या धास्तीनं बाईनं आठ वर्षं जीभ चावून धरली. त्या तांबड्या मडगार्डवाल्याचा गळा धरायचा तर तोंड उघडावं लागणार, आणि तोंड उघडलं की आपणच उघडे पडणार. मग ती काय करणार? रस्त्यावर दिसेल त्या ड्रायव्हरवर तुटून पडायची, आणि दिसेल तो धोंडा, खडा, विटेचा तुकडा उचलून टाकायची. दिवसभर उचलायची. कुशाबा दारात बाजल्यावर बसून अंबाडीचे दोर वळायचा आणि तिच्याकडे बघत राहायचा. हे चित्र मी आठ वर्षं बघितलं. मला वाटायचं, काय बिचाऱ्याचं नशीब.

बासष्ट सालचा मार्गशीर्ष. दुपारचे तीन वाजले असतील. मी कुशाबापाशी बसून गुळाचा चहा पीत होतो. खालून एक गाडी रडतखडत चढ चढत आली. बरोबर आमच्या समोरच्या वळणावर आतून कडाड्कन काही तरी तुटलं. गाडी थांबली, हातभर मागं आली आणि झटका खाऊन पुन्हा थांबली. काळी मोटार. डावा मडगार्ड तांबडा.

"ओ! कुनी हाय का तितं? धोंडा लावा मागं! येक्सल तुटला, गेर धरंना! पाय उचलता येईना मला!"

मी पेला ठेवून उठलो. तेवढ्यात खालून गोजराबाई टोपली घेऊन आली. गाडी बघून ती जागच्या जागी थांबली.

"हातब्रेक वढा की," ती म्हणाली.

"धरत न्हाई त्यो."

"कवापास्नं धरत न्हाई?"

"ही काय पुसायची येळ हाय का, बाई? लई वरसं झाली! धोंडा लाव आदी!"

तिनं टोपली खाली ठेवली. गाडीभोवती फिरून तांबड्या मडगार्डवर हात फिरवला, खिडकीत वाकून त्याचं तोंड बघितलं. मग एकदा वळून दाराकडे, कुशाबाकडे बघितलं. पुन्हा त्या माणसाकडे, पुन्हा कुशाबाकडे. मला वाटलं ही आता धोंडा आणायला जाईल. गेली खरी, पण करवंदीच्या जाळीत घुसली आणि पाल्याखालून ते अर्धं जातं ओढून काढलं. पोटाशी धरून आणलं आणि टायरपासून दोन हातांवर येऊन उभी राहिली. लावेना!

"अगं, लाव की!" मी ओरडलो.

"मुकादम, तुमी मधी पडू नका. ह्या धोंड्याला हात लावलात तर त्यो दरीत."

आता दुसरा धोंडा शोधायचा म्हणून मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुठला धोंडा! बाईनं आठ वर्षं झाडून-पुसून ठेवलेला रस्ता. सुपारीएवढा खडा नाही. खडीचा ढीग अर्ध्या मैलावर. घाटातल्या रस्त्यावर धोंडा मिळत नाही, यापरता विनोद नाही, पण हसायची सोय नव्हती. मी गाडीला मागून खांदा लावला, तर एकट्या माणसाच्या खांद्यानं काय होणार?

"हैबतराव म्हनत्यात मला," तो आतून काकुळतीनं म्हणाला. "साताऱ्याकडं कुनालाबी विचार. मी तुजं काय वाकडं केलंय?"

"ह्यो धोंडा वळकतोस का?"

"धोंडा काय वळकायचा!"

"नीट बघ, मान वळीव. अर्धं जातं हाय. चौपन्न साली ह्याच वळनाला, ह्याच तुज्या टायरला म्या लावला व्हता. माझ्या दारातला. दोन घागरी पानी बी दिलं व्हतं. आन् म्हनलं व्हतं, दादा, जाताना बाजूला करा."

आठ वर्षं दाबून धरलेलं ती एका दमात बोलली, आणि मोठ्यानं बोलली. दारात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. मी कुशाबाकडे बघितलं. त्याच्या हातातला दोर थांबला होता.

हैबतरावाला घाम फुटला. गुडघा लटलटायला लागला होता, ते खिडकीतून दिसत होतं. "आठवलं. व्हय, आठवलं. अगं पर उतरलो असतो तर गाडी मागं आली असती न्हवं? हातब्रेक नव्हता ना!"

"वर सपाटी हाय. शंभर पावलं. तितं हुबी करून चालत यायचं व्हतं!"

"व्हय."

"मंग का आला न्हाईस?"

गाडी बोटभर सरकली तसा तो किंचाळला, "कटाळा केला! कटाळा केला गं बाई, खरं सांगतो! वाटलं, येईल कुनी, उचलंल!"

"माझा मालक आला," गोजराबाई म्हणाली. "सायकलीवरनं आला. ह्या धोंड्यावरनं उडाला आन् त्या मोरीवर पडला. वाऱ्यावानी चालनारा मानूस, आठ वरसं बाजल्यावर दोर वळतोय. आन् तू आठ वरसं हीच गाडी फिरवतोस, ह्योच हातब्रेक! त्यो बी दुरुस्त केला न्हाईस! बस आता. पाय दुखतोय? दुखंल. मी हितंच हाय, मला काई घाई न्हाई."

खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं. पोटातून बरं वाटत होतं. आठ वर्षं माझी सायकल बदनाम, आणि चोर हा! पण त्याचा पाय सुटला तर माझ्यादेखत माणूस दरीत जाणार, म्हणून खांदाही काढवेना. घाम त्याला आणि मला सारखाच.

"चुकलो!" हैबतराव आता रडतच होता. "पाया पडतो, चुकलो! मला काय ठावं कुनी पडलं म्हनून!"

"चुकलो म्हनायला आठ वरसं लागली तुला?"

"तुला बी लागली की."

हे मागून आलं. कुशाबा काठी टेकत टेकत रस्त्यावर आला होता. कुणाचं लक्षच नव्हतं.

गोजराबाई वळली. धोंडा पोटाशी तसाच.

कुशाबा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. माणूस दिवसाकाठी दहा शब्द बोलायचा, तेही शांतपणे. तसाच बोलला. "त्या सांजंला मी डोळं उघडं ठिवून पडलो व्हतो. तू आलीस. वाटलं, माझ्याकडं येतीया. तू आदी धोंडा उचललास. जाळीत टाकलास. वर पाला वढलास. मंग आलीस माझ्याकडं."

बाईचं तोंड पांढरंफटक पडलं. "तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"आन् बोलला न्हाई? घसरली म्हनून मुकादमाला सांगितलं?"

"तू सांगतीस का बघत व्हतो. तू काई सांगितलं न्हाईस. मंग तुला कामावर घेतली. तू रोज उठून धोंडं उचलायला लागलीस. कंबर मोडस्तवर उचलायचीस. मी हितनं बघायचो." त्यानं काठीवरचा भार बदलला. "बरं वाटायचं मला."

आठ वर्षं मी ज्याची कीव करत होतो तो बाजल्यावर बसून सूड उगवत होता, सावकाशीनं, दोर वळत वळत. आणि माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. मी म्हणालो, "आणि माझी सायकल?"

"तुमच्या सायकलीचा ब्रेक चांगला व्हता, मुकादम," कुशाबा म्हणाला.

चांगला होता! हे ऐकायला आठ वर्षं लागली, आणि ऐकायला साक्षीदार कोण, तर गाडीत अडकलेला हा हैबतराव!

तेवढ्यात त्याचा पाय सुटलाच. गाडी हलली, माझ्या टाचा मुरमावरून मागं घसरायला लागल्या. मागं दरी. मी आईला हाक मारली, खोटं सांगत नाही. गोजराबाईनं एका उडीत धोंडा टायरखाली घातला आणि वर लाथ मारून बसवला. गाडी कुरकुरली आणि थांबली.

"मरून सुटतोस व्हय?" ती खिडकीत तोंड घालून ओरडली. "उतर खाली!"

हैबतराव उतरला आणि भुईवर पाय टेकताच गुडघ्यावर कोसळला. उजव्या पायात जीवच नव्हता. तसाच तो रस्त्यात बसून मांडी चोळत होता, आणि आमच्यापैकी कुणी त्याला हात दिला नाही. गोजराबाईनं गाडीचं हँडल काढून घेतलं. मी डहाळ्या तोडून पुढं-मागं टाकल्या. कायदा तो कायदा.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून ट्रक आला आणि साखळदंडानं गाडी ओढून वर सपाटीला नेली. हैबतराव चालत खाली आला. लंगडत आला. अर्धं जातं उचलून गटाराकडे निघाला, तशी गोजराबाई म्हणाली, "तितं न्हाई. जितनं घेतला तितं." मग तो पंधरा पावलांचा चढ त्यानं ते ओझं पोटाशी धरून चढला, दोनदा टेकला, आणि धोंडा दारात ठेवला. कुशाबा बाजल्यावर होता. त्यानं हैबतरावाच्या पायाकडे बघितलं.

"दुखतोय का?"

"दुखतोय," हैबतराव म्हणाला.

"दुखू दे," कुशाबा म्हणाला, आणि दोर हातात घेतला.

हँडल घेऊन हैबतराव गेला. पुन्हा त्या घाटात तांबडा मडगार्ड मी बघितला नाही.

मला वाटलं, संपलं. मनातली मळमळ निघाली, आता नवराबायको सुखानं राहतील. माझी अक्कल कशी आहे ते मी वर सांगितलंच आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ता तपासायला गेलो, तर गोजराबाई कामावर नाही. दारात बसलेली, त्या अर्ध्या जात्यावर, मांडीवर हात टाकून. आणि खाली रस्त्यावर कुशाबा! एका हातात काठी, दुसऱ्या हातात टोपली. दोन पावलं टाकायचा, काठीवर भार देऊन वाकायचा, एक खडा उचलायचा, पुन्हा दोन पावलं. कपाळावरची शीर टचटचीत फुगलेली.

माझं टाळकंच सटकलं. "बाई, लाज वाटते का? लंगड्या माणसाला राबवतेस?"

"मी न्हाई धाडलं. टोपली त्यांच्या म्होरं ठिवली आन् हितं येऊन बसले. त्येंनी उचलली." तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "बघायला बरं वाटतं म्हनं. बघू द्या की मला बी."

"आणि किती दिवस चालणार हे?"

"आठ वरसं."

मी कुशाबाकडे धावलो. म्हटलं, शहाण्या, तू तरी सोड. त्यानं माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. वळणावर कोळशाच्या ट्रकनं मागं सोडलेला एक धोंडा होता, चांगला कलिंगडाएवढा. कुशाबानं टोपली ठेवली, काठी ठेवली, वाकला, आणि धोंड्याला दोन्ही हात घातले. आखूड पाय थरथरायला लागला. मी पुढं झालो, तर त्यानं डोळे वटारले.

वर गोजराबाई जात्यावरून अर्धी उठली होती.

"बस खाली," कुशाबा धोंड्यावरनं मान वर न करता म्हणाला. "आठ वरसं व्हायची हायेत अजून."

ती खाली बसली. पण त्यानं धोंडा गटारापलीकडं लोटेपर्यंत तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर असे आवळलेले होते, की जणू तो धोंडा तीच उचलत होती.